भाचीला दिलेले पाच

उनाइसी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. मी तिचा मामा. आमच्याकडे मोमो म्हणतात. उभा जन्म मी सुवाच्या बंदरावर माल उतरवला. कामचुकार माणूस मला नुसत्या चालण्यावरून ओळखू येतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, उनाइसीने कामात कसर ठेवली नाही. हे वाचून कोणाला वाटेल की बाईने आणखी थोडे कष्ट घेतले असते तर जमलं असतं. तसं नव्हतं. मी जवळून बघत होतो.

तिचा बाप लवकर गेला, तेव्हा बहिणीने तिला कान्दावू बेटावरून माझ्या घरी शिकायला पाठवलं. शाळेतून आली की माझ्या बायकोबरोबर बाजारात बसून दालोच्या कंदांच्या जुड्या बांधायची. तिने बांधलेली जुडी गिऱ्हाईक घरी नेईपर्यंत सुटत नसे. शाळा संपल्यावर सहकार खात्यात कारकून झाली. बेटाबेटांवर गावकऱ्यांची सहकारी दुकानं असतात, त्यांचे हिशेब तपासायचे. बोट तिला लागते. प्रत्येक फेरीत ओकायची आणि किनाऱ्यावर उतरली की तोंड धुऊन कामाला बसायची. नोकरी करता करता पदवी घेतली. वाइसेया नावाच्या बस ड्रायव्हरशी लग्न केलं, मुलगी झाली. मग पस्तिशी उलटल्यावर लेखाशास्त्राच्या मास्टर्सला नाव घातलं. दिवसा ऑफिस, संध्याकाळी वर्ग, एका वेळी एकच पेपर.

सगळे पेपर सुटले. एक राहिला. संशोधन पद्धती, आणि त्याला जोडून एक छोटा प्रबंध. मास्टर्स किती वर्षांत संपवायची याला विद्यापीठाची मर्यादा आहे. तिची मर्यादा त्या नोव्हेंबरला संपत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर नाव काढून टाकतात आणि आधी पास झालेले पेपरही वाया जातात.

मी तिला विचारलं, "संशोधन पद्धती म्हणजे नेमकं काम काय?"

"प्रश्न कसा विचारायचा ते शिकायचं, मोमो."

"त्यात शिकायचं काय? तोंड उघडायचं आणि विचारायचं."

"तेच चुकतं म्हणे."

घरी मुलगी आणि टीव्ही, म्हणून शनिवारी ती माझ्या पडवीत येऊन बसायची. एक प्रश्न लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत. उत्तर सुचवणारा प्रश्न नको. एकच गोष्ट एकदा सरळ विचारायची, एकदा उलटी, म्हणजे माणूस वाचून उत्तर देतोय की नुसता गोल करत सुटलाय ते कळतं. सकाळ जायची आणि कागदावर चार ओळी राहायच्या. बंदरावर अशा मुकादमाच्या हाताखाली मी काम केलंय. गोणी वाकडी बसली की पुन्हा उचलायला लावायचा. मला तिचं काम आवडलं.

प्रश्न ती माझ्यावर करून बघायची.

"गावच्या दुकानाचा हिशेब तुम्हाला कळतो का? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण."

"तीन."

"का तीन?"

"फळीवर काय आहे, काय नाही ते कळतं. सभेत वाचून दाखवतात ते कळत नाही."

ती हसली. "असं एकेकानं सांगितलं ना, मोमो, तर माझं काम झालं."

विषय तिने आमच्याच, म्हणजे तिच्या आईच्या माहेरच्या, गावच्या दुकानाचा घेतला होता. तिथे वर्षातून एकदा सभागृहात हिशेब वाचतात. सगळे टाळ्या वाजवतात. दर काही वर्षांनी दुकान बंद पडतं, पुन्हा उघडतं, पुन्हा हिशेब, पुन्हा टाळ्या. ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे तिला शोधायचं होतं. दुसऱ्या गावात ती सरकारी तपासनीस, लोक हात राखून बोलणार. इथे ती भाची. तिला शिकवणारे डॉक्टर मुदलियारही म्हणाले, गाव चांगलं निवडलंत. मलाही तसंच वाटलं.

मार्चमध्ये आम्ही दोघं गेलो. बाईमाणूस गावात स्वतःहून विनंती मांडत नाही, म्हणून मला नेलं. यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन मी तुरांगांच्या पुढ्यात बसलो. तुरांगा म्हणजे गावचे धनी, वय झालेलं, एका डोळ्याने दिसत नसलेले. येण्याचं कारण सांगून मी जुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिला हात लावला आणि म्हणाले, "आपली भाची आली आहे. ती मागेल ते या गावाने द्यावं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुळ्या कुटून पाण्यात कालवलेला यांगोना करवंटीतून फिरला.

बहिणीच्या लेकराला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही. त्याने गोठ्यातलं डुक्कर मागितलं तर डुक्कर, अंगाखालची चटई मागितली तर चटई.

गावचा कारभारी नेमानी माझा आतेभाऊ. आत्या-मामाच्या मुलांनी एकमेकांना काहीही बोललं तरी आमच्यात चालतं. न बोललं तर लोक विचारतात, भांडलात का?

"आला का बंदराचा उंदीर!" तो म्हणाला. "पोट बघ. गोण्या उचलल्यास की गिळल्यास?"

"तू अजून कारभारी? गावात दुसरा डोकं नसलेला मिळाला नाही वाटतं."

"तुझी वाट बघत होतो ना."

सभागृहात उनाइसीने कागद वाटले. उभं राहून नीट समजावलं. बरोबर उत्तर, चूक उत्तर असं काही नाही. मनात असेल ते द्या. शेजाऱ्याच्या कागदात बघू नका. नाव लिहू नका. लोक माना खाली घालून ऐकत होते. आमच्यात तो मान. मग बायकांनी तिला नारळाच्या दुधातला मासा वाढला. ती जेवत असताना कागद भरून झाले. नेमानीने ते गोळा केले, कडा जुळवल्या, केवड्याच्या पातीने गठ्ठा बांधला आणि आहेर ठेवतात तसा दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवला. पुन्हा टाळ्या.

परतीच्या बोटीत तिने गठ्ठा सोडला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. वाटलं, बोट लागतेय.

सगळे पाच. पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत. 'दुकानाचा हिशेब मला समजतो' याला पाच. 'दुकानाचा हिशेब मला समजत नाही' यालाही पाच. एकाने तर पाचाच्या पुढे स्वतःच्या हाताने सहा काढला होता आणि त्याला गोल केला होता.

सुवाला पोचल्या पोचल्या मी नेमानीला फोन लावला.

"माकडा, काय करून ठेवलंत हे?"

"का, कमी पडलं?"

"सगळ्यांनी पाच?"

"मग? भाचीला तीन द्यायचे? उद्या तूच गावभर सांगशील, पोरीला डुकराच्या अर्ध्या तंगडीवर परत पाठवलं म्हणून. तुरांगांनी सांगितलं, द्या. आम्ही सगळ्यात मोठं होतं ते दिलं. एकाने वर आणखी घातलं."

"सहा कोणाचा?"

"ते नाव लिहायचं नव्हतं ना," नेमानी म्हणाला.

डॉक्टर मुदलियारांकडे ती मला घेऊन गेली. तिला वाटलं, गावातलं कोणी सांगेल तर बरं. मुदलियार बा नावाच्या गावातल्या ऊसवाल्यांच्या घरातले. माणूस सभ्य, मला खुर्ची दिली, चहा मागवला. कागद उलटे-पालटे करून बघत राहिले.

"उनाइसीबाई, हे आकडे हलतच नाहीत. सगळे एका जागी उभे. यातून कॉम्प्युटर काय काढणार?"

"सर, मग हेच लिहू का? गावाने पाच का दिले ते?"

त्यांनी विचार केला. "लिहिता येईल. चांगलं होईल. पण का दिले ते त्यांच्या तोंडून यायला हवं. एकेकट्याला बसवून, त्याची संमती घेऊन. आणि कोणाला बसवायचं ते तुम्ही ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाका. ही नवी पद्धत झाली, विद्यापीठाच्या समितीची परवानगी नव्याने घ्यावी लागेल."

परवानगी यायला जुलै उजाडला. तोवर ती स्वस्थ बसली नाही. प्रश्न सगळे बदलले. माझी बायको, वाइसेया, शेजारी, जो सापडेल त्याला बसवून ऐकायचा सराव केला. माणूस गप्प झाला की आपण बोलायचं नाही, थांबायचं, असं म्हणायची. आणि थांबायचीही.

दुसऱ्या फेरीत तिने नेमानीसमोर बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी निघाली अपोरोसाची. तो माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहिणी-बहिणींची मुलं आमच्यात सख्खी भावंडं, आणि वयात आलेले भाऊ-बहीण समोरासमोर बसून बोलत नाहीत. अपोरोसाला कळलं तसा तो खुरपं घेऊन मळ्यात निघून गेला. दुसरी चिठ्ठी सेमीची. सेमी म्हणाला, "थोरल्या भावाला विचारलंत? नाही? मग त्याच्या आधी बोलणारा मी कोण?" थोरला शेजारच्याच घरात बसला होता. त्याने दार ओढून घेतलं. भाचीने धाकट्याचं नाव काढलं आणि आपलं नाही, हे त्याला लागलं होतं.

मी म्हणालो, "दुसऱ्या चिठ्ठ्या काढ."

"नाही काढता येत, मोमो. बदलल्या की ती माझी निवड झाली."

क्रेनच्या जाळ्यात जे खाली येतं ते उचलायचं, हलकं बघून घ्यायचं नाही, हे मला कळतं.

शेवटी तुरांगांनी तिला बोलावलं. ती दाराशी बसली.

"बाळ, तुला गावाचं तोंड नकोय. माणसाचं तोंड हवंय. असंच ना?"

"असंच, आजोबा."

"मग मी चूक केली. मी गावाला सांगितलं, द्या. गावाने दिलं." ते थोडं हसले. "आता भोवतालच्या गावांचे पाहुणे आमच्याकडे येत-जात आहेत, एकेकाला बसवणं जमणार नाही. सप्टेंबर संपता संपता ये. माझ्या घरात एकेकाला बसवतो. मी बाहेर बसेन. सगळ्यांना सांगेन, भाचीला खरं द्या, मोठं नको. थोरल्याची समजूत मी काढतो."

"आणि अपोरोसा?"

"मध्ये चटई टांगू. पलीकडून बोलेल. लागलंच तर तुझा मोमो विचारेल."

परतीच्या बोटीत ती दोनदा ओकली आणि तरी हसत होती. "ऑक्टोबरात लिहून काढते," म्हणाली. तिने ऑफिसात रजाही टाकून ठेवली.

सप्टेंबरच्या मध्यावर मी सकाळी दाढी करत होतो. रेडिओवर निधनाच्या बातम्या लागल्या होत्या. त्यात तुरांगांचं नाव आलं.

आमच्याकडे गावचा धनी गेला की शंभर रात्री गाव बंद. सभागृह उघडत नाहीत, प्रवाळाच्या कडेने मासे धरत नाहीत, मोठ्याने बोलत नाहीत, कामाच्या गोष्टी काढत नाहीत. शंभर रात्री म्हणजे नाताळ उलटून जातो. उनाइसीने बोटांवर मोजलं नाही. रेडिओ ऐकून ती माझ्याकडे आली, पायरीवर बसली, आणि बायकोने दिलेला चहा हातात धरून राहिली.

मातीला आम्ही सगळे गेलो. चटया, रॉकेलचा ड्रम, देवमाशाचा दात, सगळं रीतीप्रमाणे नेलं. कागद तिने नेले नाहीत. मी मागच्या अंगणात पुरुषांबरोबर जेवण भाजायच्या भट्टीचा खड्डा खणत होतो. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बायका कसावाचा ढीग सोलत बसल्या होत्या, उनाइसी त्यांच्यात. पत्र्याला भोकं, सगळं ऐकू येत होतं.

कोणीतरी म्हणालं, दुकानात साखर नाही, आता पाहुण्यांना चहा कसा द्यायचा. तिथून निघालं.

"हिशेब वाचला तेव्हा साखर होती की," सेमीची बायको लाइसानी म्हणाली. "भरपूर होती. कागदावर."

"हळू बोल गं."

"हळूच बोलतेय. मी सांगू, मी हिशेब कसा ऐकते? मी ऐकतच नाही. वाचणाऱ्याच्या गळ्याकडे बघते. रॉकेलपाशी आला की तो थुंकी गिळतो. दरवर्षी. माझा हिशेब तिथेच झाला."

"मी फळी बघते," दुसरी म्हणाली. "मासळीचे डबे पुढे एक रांग मांडलेले असले आणि मागे हात घातला की भिंत लागली, म्हणजे बुडालं दुकान. चार महिने आधी कळतं."

"मग टाळ्या कशाला वाजवतेस?"

"संपलं म्हणून!"

दबक्या आवाजात हसू फुटलं. मग एक म्हातारी म्हणाली, "टाळ्या नाही वाजवल्या तर वाचणाऱ्याने कुठे बघायचं? पोरगं आपलंच. त्याची आई माझ्या शेजारी बसलेली असते."

"आणि तरी त्या दिवशी पाच दिलेत?" कोणीतरी विचारलं. तो आवाज उनाइसीचा नव्हता.

"पाच भाचीला दिले," लाइसानी म्हणाली. "दुकानाला कुठे दिले?"

मी फावडं टेकवून भोकातून पाहिलं. उनाइसीने मान वर केली नाही. तिच्या हातातल्या कसावाची साल जाड जाड निघत होती. ती पोर कधी काही वाया घालवत नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीची वाट बघत आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "झालं ना तुझं काम? वर्षभर जे शोधत होतीस ते सगळं एका सकाळी मिळालं. लिही."

"त्या कसावा सोलत होत्या, मोमो. मला उत्तर देत नव्हत्या."

"मग जाऊन विचार, वापरू का म्हणून. हो म्हणतील. तू भाची आहेस."

"भाची आहे म्हणूनच हो म्हणतील. आणि आज विचारू? सही करा म्हणून कागद पुढे करू? काल तर माती झाली."

"नंतर विचार."

"नंतर शंभर रात्री आहेत."

"नावं घालू नकोस."

"एका शेडमध्ये बसलेल्या चार बायका. रॉकेलपाशी थुंकी गिळणारा एकच माणूस. कोणालाही ओळखू येतील. त्या वाचणाऱ्याच्या आईला कोणी वाचून दाखवलं तर?"

जड वस्तू असली तर मी तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि कुठे हात घालायचा ते बघतो. इथे फेरी मारूनही हात घालायला जागा दिसली नाही.

मुदलियारांनी मुदत वाढवून मागितली. घरात मृत्यू झाल्यास वाढ मिळते. आई-बाप, नवरा-बायको, मूल. तुरांगा त्यात बसत नव्हते. 'मयत तुमचे कोण' या जागी तिने 'आईच्या गावचे धनी' असं लिहिलं, ते वरच्यांना नातं वाटलं नाही. मुदलियार स्वतः दोनदा वर जाऊन बोलून आले. दुसऱ्यांदा खाली आले तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या खोलीबाहेर बसलो होतो. त्यांनी नुसती मान हलवली.

"नियम माझा नाही, बाई."

"माहीत आहे, सर."

"पुन्हा नाव घालता येईल."

"सगळे पेपर पुन्हा द्यायचे?"

"सगळे," ते म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही हातात काही नव्हतं.

नोव्हेंबर गेला. शनिवारी ती पडवीत यायची. सवयीने. काही लिहायची नाही. माझ्या बायकोबरोबर जुड्या बांधत बसायची.

शंभर रात्री सरल्यावर सुतक उठवायला सगळं गाव जमलं. आम्हीही गेलो. यांगोना झाला, जेवणं झाली. मग नेमानी माझ्याकडे आला. शिवी दिली नाही, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं.

"पोरीला घेऊन तुरांगांच्या घरी ये."

आत चटया झाडून पसरल्या होत्या. मधोमध दोरीवर एक मोठी चटई टांगली होती. ओसरीवर लाइसानी, सेमी, सेमीचा थोरला भाऊ, चिठ्ठीत नावं निघालेले आणि न निघालेले, ओळीने बसले होते. धुतलेले कपडे घालून.

"तुरांगांचा शब्द होता," नेमानी म्हणाला. "भाचीला खरं द्या, मोठं नको. जायच्या आठवड्यात त्यांनी घराघरात निरोप दिला होता. थोरल्याची समजूतही काढून ठेवली होती. आम्ही शंभर रात्री संपायची वाट बघत होतो."

मी त्याला बाजूला घेऊन सांगायला गेलो की आता उपयोग नाही, विद्यापीठाने तिचं नाव काढलं आहे, त्या नावाबरोबर परवानगीही गेली. उनाइसीने माझं मनगट धरलं. भाचीला दिलेलं भाची परत करत नाही. तिने चप्पल काढली आणि आत जाऊन चटईपाशी बसली. मला खूण केली. मी दारात, तुरांगा बसणार होते तिथे बसलो.

पलीकडे कोणीतरी घसा साफ केला. अपोरोसा होता.

"मोमो," उनाइसी हळू आवाजात म्हणाली, "त्याला विचारा, दुकानाचा हिशेब कळतो का. एक ते पाच."

मी विचारलं.

ती थांबली. मीही थांबलो.

"तीन," अपोरोसा म्हणाला. "की दोन? नाही, तीन."

"विचारा, का तीन?"

मी विचारलं आणि तो सांगू लागला. पुष्कळ सांगितलं त्याने, लहानपणी दुकानात काम केलं होतं तिथपासून. उनाइसी चटईकडे तोंड करून ऐकत होती. मांडीवर दोन्ही हात होते. हातात काही नव्हतं.

बाहेर ओसरीवर ओळ तशीच बसून होती. लाइसानी वाकून आत बघत होती, आपली पाळी कधी येते म्हणून.